द आयरिश वॉशरवुमन: एका जिगची जन्मकुंडली आणि नेहमी येणारे प्रश्न

फिडलवर ही ट्यून काढली की कोणीतरी "अरे हे कुठंतरी ऐकलंय" म्हणतंच, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

ही नक्की कुठली ट्यून? मी ऐकलीय का?

ऐकलीय, शंभर टक्के. नाव 'द आयरिश वॉशरवुमन', म्हणजे आयरिश धोबीण. नावानं नाही तर कानानं ओळखाल. कार्टूनमधे, जाहिरातीत "आता आयर्लंड आलं बरं का" असं सांगायचं असलं की जी गोल गोल फिरणारी, टुणटुण उड्या मारणारी चाल लावतात ना, बऱ्याचदा तीच. घरात पेटी असेल तर कुठलीही पट्टी धरा, सगळे स्वर शुद्ध, आणि वाजवून बघा:

प म | ग सा सा प़ सा सा | ग सा ग प म ग | म रे रे ध़ रे रे | म रे म ध प म |
ग सा सा प़ सा सा | ग सा ग प म ग | म ग म रे प म | ग सा सा सा

हा पहिला भाग. आली ना ओळखीची?

जिग म्हणजे नाच की ट्यून?

दोन्ही. नाचाचं नाव तेच आणि त्याच्या ट्यूनचंही तेच, आपल्याकडे लावणी म्हटलं की गाणंही येतं आणि नाचही येतो तसंच. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट. दादरा मोजता येत असेल तर अर्धं काम झालं, धा धी ना धा ती ना म्हणा आणि जरा पळवा. फक्त एक फरक आहे, दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते, जिगमधे तसं खाली-बिली काही नाही, पहिल्या आणि चौथ्या दोन्हीवर पाय आपटतो, त्यामुळे पायानं ठेका धरणारा माणूस सहा मोजतच नाही, तो दोनच मोजतो. तिकडे नवशिक्याला हा ठेका शिकवताना "रॅशर्स अँड सॉसेजेस, रॅशर्स अँड सॉसेजेस" असं म्हणायला लावतात. रॅशर्स म्हणजे बेकनचे काप. मला हे दादऱ्याच्या बोलांपेक्षा लवकर पाठ झालं, भूक लागली असेल म्हणून असेल.

सगळ्या सहा मात्रा स्वरांनी भरलेल्या असतील तर ती डबल जिग, लांब-आखूड लांब-आखूड अशी चालली तर सिंगल जिग, आणि नऊ मात्रांची ती स्लिप जिग. आपली धोबीण डबल जिगवाली. गोव्याकडच्या मंडळींना हा ठेका परका वाटायचा नाही, त्यांचं नाचाचं गाणं दुलपद सहा-आठमधेच, म्हणजे याच सहा मात्रांत असतं.

फिडल आणि व्हायोलिन वेगळं का?

नाही हो, तेच वाद्य. लोकसंगीत वाजवताना फिडल म्हणतात एवढंच. मी लहानपणी मांडी घालून, सा-प सा-प लावलेल्या तारांवर हिंदुस्तानी शिकलो. या ट्यूनसाठी तारा परत जी, डी, ए, ई अशा लावाव्या लागल्या आणि खुर्चीत बसावं लागलं. बसायचाच त्रास जास्त झाला.

मूळ आयरिश आहे का ही ट्यून?

हाच तो भांडणाचा प्रश्न. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक नाही, आणि तरीही आहे. आता सविस्तर.

1651 साली लंडनमधे जॉन प्लेफर्डनं 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' नावाचं नाचाच्या चालींचं पुस्तक छापलं, त्यात 'डार्गेसन' नावाची एक चाल आहे. आठ मापांची (माप म्हणजे वर दोन उभ्या रेघांमधे लिहिलाय तेवढा तुकडा), तशीच लोळत पुढं जाणारी, आणि तिची गंमत म्हणजे ती धड संपतच नाही, शेवट परत सुरुवातीला नेऊन सोडतो. इंग्लंडमधेच 'द कंट्री कोर्टशिप' नावाची आणखी एक चाल होती, ती निदान 1688 पासून माहीत आहे आणि पुढं डान्सिंग मास्टरच्या नंतरच्या आवृत्त्यांमधेही आली. आपल्या धोबिणीचा चेहरा या दोघींशी जुळतो, 'कंट्री कोर्टशिप'शी जरा जास्तच.

आता चेहरा जुळला म्हणजे मुलगी त्यांचीच का, यावर जाणकारांत एकमत नाही. पेनसिल्व्हेनियात म्हाताऱ्या फिडलवाल्यांकडून आणि फाइफवाल्यांकडून (फाइफ म्हणजे सैन्यातली आडवी बासरी) आयुष्यभर चाली गोळा करणारे सॅम्युएल बेयर्ड म्हणतात की खरं मूळ सापडत नाही, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डार्गेसनमधून किंवा तिच्यावर बेतलेल्या एखाद्या चालीतून ही निघाली असणं शक्य आहे. जगातल्या प्रसिद्ध गाण्यांच्या कुंडल्या मांडणारे जेम्स फुल्ड म्हणतात छे, या चाली आपापल्या स्वतंत्रपणे तयार झाल्या. आणि आयरिश संगीताचा अभ्यास ज्यांच्या नावाशिवाय पुढं सरकत नाही ते ब्रेनडान ब्रॅनॅक, म्हणजे घरचाच माणूस, त्यांनीही हिचं मूळ इंग्लिश धरलंय.

मला स्वतःला कागदांपेक्षा नावच जास्त बोलकं वाटतं. 1791 मधे लंडनच्या रंगभूमीवर जॉर्ज कोलमन धाकटा याचं 'द सरेंडर ऑफ कॅले' नावाचं नाटक आलं, संगीत सॅम्युएल अर्नोल्डचं, त्यात एका आयरिश पात्राच्या तोंडी 'कॉर्पोरल केसी' हे गाणं आहे आणि ते या चालीवर आहे. पुढच्याच वर्षी 1792 मधे स्कॉटलंडचा नामांकित फिडलवादक नील गाव याच्या तिसऱ्या संग्रहात ती 'आयरिश वॉशरवुमन' नावानं छापलेली दिसते. म्हणजे गाणं लंडनच्या नाटकात आणि नाव स्कॉटिश पुस्तकात. मला सांगा, घरात आपण कधी "मराठी पोहे कर गं" म्हणतो का? नुसतं पोहे म्हणतो. मराठी पोहे हे मेन्यू कार्डवर लिहितात, तेही बाहेरच्या गावात. आयर्लंडमधल्या माणसाला आपल्या गल्लीतली धोबीण 'आयरिश' आहे हे सांगायची गरज नाही. ते 'आयरिश' बाहेरच्यानं चिकटवलंय असं माझं मत, पुरावा म्हणून नाही, मत म्हणून घ्या.

मग 'जॅक्सन्स डिलाइट' काय प्रकार आहे?

याच चालीचं हे आणखी एक नाव. जॅक्सन म्हणजे वॉकर जॅक्सन, अठराव्या शतकातला लिमरिककडचा जमीनजुमला असलेला गृहस्थ, बॅगपाइप वाजवायचा आणि चाली करायचा, लोक त्याला पायपर जॅक्सनच म्हणायचे. 'जॅक्सन्स मॉर्निंग ब्रश' अजूनही वाजते. त्याच्या नावानं इतक्या चाली आहेत की त्याच्या कुठल्या आणि लोकांनी त्याच्या नावावर खपवलेल्या कुठल्या हे वेगळं करणं अवघड. आपल्याकडे "तुका म्हणे" शेवटी आलं की अभंग तुकोबांचा, तसं तिकडे आधी "जॅक्सन्स" आलं की चाल जॅक्सनची. आयरिश बाजूनं भांडणारे हे नाव पुढं करतात. मला ते नाव पटतं पण त्यावरून जन्माचा दाखला निघतो असं वाटत नाही.

धोबीण कोण होती?

कोणीच नाही. आयरिश चालींची नावं ही कपाटावर लावलेल्या चिठ्ठ्या आहेत, आत काय आहे ते सांगतातच असं नाही. त्या चालीत धुणं नाही, घाट नाही, साबण नाही.

पण नाव पडलं की लोक गोष्ट रचतातच. आणि गंमत म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट आयर्लंडमधे नाही, स्कॉटलंडमधे रचली गेली. तिकडच्या हायलँड नाचाच्या स्पर्धांमधे 'आयरिश जिग' नावाचा एक नाच असतो, तो याच चालीवर करतात. मुलगी लाल-हिरव्या स्कर्टवर पांढरा एप्रन बांधून येते, पायात आवाज करणारे बूट, कमरेवर हात, मुठी उगारते, पाय आपटते, चेहरा असा की आत्ता कोणाला तरी बदडणार. का, तर पोरांनी तिचं धुतलेलं धुणं मातीत घातलं. पुरुष नाचला तर तो पॅडी, म्हणजे आयरिश माणसाला चिडवायचं नाव, हातात काठी, आणि तो चिडलाय कारण धोबिणीनं त्याची चामड्याची विजार धुऊन आखडवून ठेवली! नाच बघायला धमाल येते, पण ही शेजाऱ्यानं शेजाऱ्याची केलेली नक्कल आहे हे लक्षात असू द्या. आपल्या आयरिश नाचात हात शरीराला चिकटून खाली असतात हे आठवा (आपल्या म्हणजे त्यांच्या, सवय झालीय आता) आणि मग हा हात उडवणारा 'आयरिश' जिग बघा, नक्कल कुठं आहे ते लगेच दिसतं.

दुसरा भाग कसा आहे?

मला विचाराल तर खरी मजा तिथंच आहे. वरच्या सा पासून सुरू होतो:

सां प सां सां प सां | सां प सां गं रें सां | नि प नि नि प नि | नि प नि रें सां नि |
ध सां सां प सां सां | म सां सां ग सां सां | म ग म रे प म | ग सा सा सा

दुसऱ्या ओळीकडे बघा. वरचा सा खुंट्यासारखा जागेवर, आणि खाली ध, प, म, ग एकेक पायरी उतरतायत. एकाच वेळी दोन माणसं वाजवतायत असं वाटतं, एक जागेवर उभा आणि दुसरा जिना उतरतोय. फिडलवर हे डोळ्यांनी दिसतं. वरचा सा म्हणजे त्यांचा जी, ई तारेवर दुसऱ्या बोटाखाली. ध ही ई तार मोकळीच. मग प, म, ग ए तारेवर, तिसरं, दुसरं, पहिलं बोट. म्हणजे प पासून पुढं बो, म्हणजे गज, सतत ए आणि ई तारेमधे झुलत राहते. आणि मधला म, म्हणजे सी, हाही दुसऱ्या बोटाचाच, बरोबर जीच्या शेजारच्या तारेवर त्याच जागी! म्हणून "म सां सां" वाजवताना बोट उचलायचंच नाही, एकच बोट दोन तारांवर आडवं टाकायचं. मी सुरुवातीला उड्या मारायचो, बोट इकडून तिकडे, आणि दर वेळी तिथंच अडखळायचो. कोणीतरी नुसतं बोट आडवं करून दाखवलं, दोन महिन्यांचं दुखणं दोन मिनिटांत गेलं.

मग व्हेरिएशन्स कुठली कुठली आहेत?

दोन गोष्टी वेगळ्या धरा. एक म्हणजे वाजवणारा तिथल्या तिथं जे बदलतो ते, आणि दुसरं म्हणजे वाद्य किंवा देश बदलला की सांगाडाच बदलतो ते.

पहिलं आधी. आयरिश फिडलवाला एकच भाग दोनदा तस्साच वाजवत नाही. पहिल्यांदा ग सा सा सरळ, दुसऱ्यांदा त्या जागी ग वर 'रोल', म्हणजे एकच स्वर धरून त्याला वरून एक टिचकी आणि खालून एक टिचकी, लय न मोडता. आपल्या कानाला मुरकीसारखं वाटेल पण तसं नाही. मुरकीत आजूबाजूचे स्वर ऐकू यायला हवेत, इथं ते स्वर म्हणून ऐकू येताच कामा नयेत, नुसता ठेच लागल्यासारखा आवाज यायला हवा. मला हे समजायला फार वेळ लागला, माझे रोल ऐकून लोक विचारायचे कुठला राग आहे. शिवाय कुठं प म ग च्या जागी प ध प म, कुठं सुरुवातीचा उठाव वेगळा, असं चालू असतं.

आता वाद्य. ट्यून मंद्र प पासून तार ग पर्यंत जाते, म्हणजे तेरा स्वरांचा पल्ला. स्कॉटिश हायलँड बॅगपाइपला स्वरच नऊ. म्हणजे जशीच्या तशी बसणारच नाही, पाइपवाल्यांना ती घडी घालून, वरचं खाली आणि खालचं वर करून घ्यावी लागते, आणि म्हणून त्यांची धोबीण वेगळी ऐकू येते. आयर्लंडची स्वतःची बॅगपाइप, इलन पाइप, तिचा पल्ला मात्र दोन सप्तकं, त्यात ती आरामात मावते. डी पट्टीची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची उभी बासरी, घेतलीत तरी सगळ्यात खालच्या स्वरापासून बरोबर मावते, फक्त सरळ बोटांनी शुद्ध म च्या जागी चढा तीव्र म निघतो, तेव्हा शुद्ध म साठी बोटं आडवी-तिडवी टाकायला शिका, नाहीतर बिलावलचा यमन होईल.

अमेरिकेत ही स्क्वेअर डान्सला गेली, तिथं रोल-बिल गळून पडले आणि बो सपाट, जोरकस झाली, कारण नाचणाऱ्यांना ठेका हवा असतो, नक्षी नको. बेयर्डना ती फाइफवर वाजवणारेही भेटले. आणि मग 1947 मधे अमेरिकन संगीतकार लेरॉय अँडरसननं ऑर्केस्ट्रासाठी 'आयरिश सूट' लिहिला (सूट म्हणजे कपडे नव्हेत, तुकड्यांची माळ), त्याचा पहिलाच तुकडा ही धोबीण. चकचकीत आहे, इस्त्री केलेली. मला आवडतो, पण धोबिणीच्या हातचा वाटत नाही.

डार्गेसन कुठं ऐकता येईल, तुलना करायला?

इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टकडे. त्याच्या 1911 च्या मिलिटरी बँडसाठीच्या दुसऱ्या सूटचा शेवटचा भाग डार्गेसनवरच आहे, आणि तोच पुढं त्यानं तारवाद्यांसाठी 'सेंट पॉल्स सूट'मधेही वापरला. आठ मापं परत परत, परत परत, आणि मधेच त्यावर 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही दुसरी जुनी इंग्लिश चाल हळूच येऊन बसते. ते ऐका, लगेच धोबीण ऐका. चाल तीच नाही, पण चालण्याची ढब एकाच घरातली आहे, आतेबहिणी म्हणा हवं तर.

हिला शब्द आहेत का?

मूळ शब्द नाहीत, बसवलेले बरेच. 'कॉर्पोरल केसी'चं वर आलंच. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पोरं मॅक्टॅव्हिशचं एक येडचाप गाणं या चालीवर म्हणतात, मॅक्टॅव्हिश मेला आणि भावाला पत्ता नाही, भाऊ मेला आणि मॅक्टॅव्हिशला पत्ता नाही, दोघं एकाच पलंगावर. इतकंच.

कुठलं व्हर्जन ऑथेंटिक?

हा प्रश्न आपल्या लोकांचा आवडता, घराण्याची सवय. कागदावरची प्रत हवी असेल तर लोक कॅप्टन फ्रान्सिस ओनील यांचे संग्रह उघडतात. हे 1848 ला कॉर्क परगण्यात बॅन्ट्रीजवळ जन्मले, जहाजावर जग फिरले आणि शेवटी शिकागोचे पोलीस प्रमुख झाले, 1901 ते 1905. शहरात आलेल्या प्रत्येक आयरिश वादकाकडून चाली काढून घेतल्या आणि 1903 मधे 'म्युझिक ऑफ आयर्लंड' छापलं, त्यात 1,850 चाली. 1907 च्या दुसऱ्या पुस्तकात 1,001. वादक त्या पुस्तकाला नुसतं 'द बुक' म्हणायचे, पोथीच म्हणा. पण गंमत बघा, ओनीलसाहेबांचा नोटेशनवर हात बसलेला नव्हता. ते चाल ऐकवायचे, आणि लिहून घ्यायचा त्यांच्या खात्यातला जेम्स ओनील, आडनाव तेच, नातं काही नाही. म्हणजे एकानं वाजवलं, दुसऱ्यानं लक्षात ठेवलं, तिसऱ्यानं लिहिलं. ते एका संध्याकाळचं व्हर्जन झालं, त्याला ऑथेंटिक म्हणायचं तर म्हणा.

बाकीच्या जिगचंही असंच असतं का?

नावांचा गोंधळ सगळीकडे. 'द केश जिग' घ्या, बॉथी बँड या आयरिश लोकसंगीताच्या बँडच्या 1975 च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच तिनं होते, तीच ओनीलकडे 'किंकोरा जिग' आहे. 'मॉरिसन्स जिग' मॉरिसनची नाही. स्लायगोहून न्यूयॉर्कला गेलेला फिडलवादक जेम्स मॉरिसन, त्यानं ती आपल्या अकॉर्डियनवाल्याकडून, टॉम कारमडीकडून उचलली, आणि कारमडीनं ती वडिलांकडून. 1936 मधे रेकॉर्ड झाली आणि नाव लागलं मॉरिसनचं. ज्याचा आवाज तबकडीवर, त्याचं नाव.

सेशनमधे ही वाजवली तर चालेल का?

सेशन म्हणजे वादकांनी पबमधे जमून एकत्र वाजवायची बैठक. चालेल, पण लोक हसतील. मी स्वतः हसू करून घेतलंय. नोकरीनिमित्त दोन वर्षं डब्लिनला होतो, एका पबमधे सोमवारी सेशन चालायचं, मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. एकदा मला म्हणाले वाज काहीतरी, आणि मला नीट येत होती ती हीच. दोन माप झाली आणि टेबलाभोवती सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू, लग्नात सनईवाल्यानं पुन्हा तेच गाणं काढल्यावर येतं ना तसलं. पण एक म्हातारेबुवा होते, त्यांनी फिडल उचललं आणि माझ्याबरोबर दुसऱ्या भागात शिरले. जिना उतरतो ती जागा आली तर त्यांनी खालचे स्वर जरा दाबले आणि वरचा सा नुसता पुसट ठेवला, आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातात इतके दिवस होतं काय. नंतर त्यांनी सांगितलं ते साधारण असं, की चाल वाईट नाही, टुरिस्टांसाठी वाजवून वाजवून तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. त्यांना डार्गेसन-बिर्गेसन सांगायला गेलो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं दुसरी कुठली येते.

नवशिक्यानं हिच्यापासून सुरुवात करावी का?

करावी. कानात आधीच आहे, चुकलात तर स्वतःलाच कळतं. सावकाश वाजवा, वेगानं ही लगेच कार्टून होते.

शेवट कसा करायचा? मला थांबताच येत नाही.

सगळ्यांचं होतं. शेवटचं माप बघा, ग सा सा सा, चार मात्रा झाल्या. उरलेल्या दोन मात्रांत लगेच पुढच्या फेरीचा उठाव "प म" येतो, म्हणजे श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही, डार्गेसनचं ते न संपणं इथंही आलंय. रिवाज असा की सगळी ट्यून तीनदा वाजवायची आणि न थांबता दुसऱ्या जिगमधे जायचं. अगदी थांबायचंच असेल तर तिसऱ्या फेरीला "प म" गिळा, शेवटच्या सा वर बो लांब ओढा, आणि खालची मोकळी जी तार बरोबर वाजू द्या.